मजुरी ठरते कशी?



"मालक देईल ती मजुरी" असे आपण सर्रास म्हणतो. पण मालक तरी ती कशावरून ठरवतो?

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागाचे उदाहरण घ्या. विणकराला बहुधा मीटरवर मजुरी मिळते. कापडात इंचामागे आडवे धागे जितके जास्त, तितका वेळ अधिक, म्हणून दरही अधिक. हा दर ठरवताना कारखानदार मुख्यतः तीन गोष्टी पाहतो. शेजारच्या कारखान्यात दर काय आहे? सूत, वीज यांचा खर्च वजा जाता हाती काय उरते? आणि काम मागणारे दाराशी किती उभे आहेत? वीज गेली की माग थांबतो आणि मजुरीही थांबते.

मजुराच्या घरी खाणारी तोंडे किती, हे या हिशोबात कोठेच येत नाही. म्हणूनच कायद्याची गरज पडते. 1948 साली किमान वेतन कायदा झाला. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने गरजांचे माप ठरविले: प्रौढ माणसामागे रोज 2,700 उष्मांकांचे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, जळण, दिवाबत्ती. त्यात मुलांच्या शिक्षणाचा वेगळा उल्लेख नव्हता. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण इत्यादींसाठी किमान वेतनात 25 टक्के धरावेत, असा निर्णय दिला. म्हणजे मुलांचे शिक्षण ही चैन नव्हे. तो मजुरीचाच एक भाग आहे.

नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार वेतनाची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. परंतु पावती मागायला आणि वाचायला माणूस शिकलेला हवा.

पालकांनो, शाळा सोडवून मुलाला मागावर उभे केले, तर घरात लगेच चार पैसे येतात, हे खरे. पण कारखान्याच्या दाराशी उभ्या असलेल्या रांगेत आपण आणखी एक माणूस वाढवतो, आणि रांग लांबली की बापाचाच दर वाढेनासा होतो. माग दुरुस्त करणाऱ्या कुशल कारागिराला चांगले पैसे मिळतात, कारण त्याच्यासारखे थोडे असतात.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर वडिलांना दर विचारा, आठवड्याचे मीटर विचारा आणि गुणाकार स्वतः करून पाहा. हातात आलेली रक्कम त्याच्याशी जुळते का, ते बघा. शिक्षणाचा पहिला उपयोग घरातच होऊ द्या.