मोबाइलमधल्या ग्रंथालयाची दारं

 आम्ही राहुरी तालुक्यातल्या बचत गटातल्या बायका.

या कार्यक्रमात आपण बचतीचे हिशेब, कर्जाचे हप्ते, शेळ्यांचे आजार यांवर पुष्कळ बोललो. आज आम्ही ग्रंथालयाबद्दल बोलणार आहोत. तुमच्यातली एखादी म्हणेल, दिवसभर शेतात राबून आल्यावर पुस्तक कोण वाचतंय? आम्हीही तसंच म्हणत होतो. पण गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीचं शिक्षण थांबायची वेळ आली. तेव्हा आम्हाला कळलं की ग्रंथालय आपल्या हातातल्या मोबाइलमध्येच आहे, त्याची दारं मात्र आपल्याला कुणी दाखवलेली नाहीत.

ही मुलगी मराठी विषयात एम.ए. करते. रोज एसटीनं जाऊन येऊन. तिला प्रकल्प दिला होता ‘जात्यावरच्या ओव्या’ या विषयावर. तिनं मोबाइलवर शोधलं, तर इकडून तिकडून उचललेली चार-दोन पानं मिळाली. मग ती तालुक्याच्या एका दुकानात गेली. दुकानदारानं सहाशे रुपये घेतले आणि चाळीस पानं छापून दिली. सरांनी ती परत केली. म्हणाले, “हे कुणी लिहिलंय, कुठून घेतलंय, काहीच दिलेलं नाही. आणि हीच पानं दुसऱ्या मुलीच्या फाइलमध्येही आहेत.”

पोरगी रडत घरी आली. घरात आधीच बोलणं चालू होतं, आता बास झालं शिक्षण, दिवाळीनंतर स्थळं बघू. त्याला निमित्तच मिळालं.

सोमवारच्या बैठकीत तिच्या आईनं गटाकडं दोन हजार रुपये कर्ज मागितलं. कशाला विचारलं, तर म्हणाली, दुकानदार सगळा प्रकल्पच लिहून द्यायला तयार आहे. आमच्या अध्यक्षांनी तिथंच अडवलं. म्हणाल्या, “पुस्तकासाठी कर्ज देऊ, फीसाठी देऊ. पण दुसऱ्यानं लिहून द्यायचं आणि हिनं नाव घालायचं, त्याला गटाचा पैसा नको.” थोडी वादावादी झाली. शेवटी ठरलं की आपल्यातल्या दोघींनी मुलीबरोबर कॉलेजात जायचं आणि ग्रंथपालांना विचारायचं.

आम्ही गेलो. खरं सांगतो, दारात पाय अडखळत होते. पण ग्रंथपालांनी बसायला खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आपलं कॉलेज दर वर्षी एन-लिस्टची वर्गणी भरतं. हिनं नुसतं नाव नोंदवलं असतं तरी घरी बसून वाचता आलं असतं.” आम्ही मुलीकडं पाहिलं. तिला माहीतच नव्हतं. सूचना फलकावर कागद लावलेला होता, इंग्रजीत. मुलींना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मुलींनीही कधी विचारलं नव्हतं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, ते इथं खरं झालं.

तर आता ही दारं एकेक करून सांगतो. घरात शिकणारं कुणी असेल तर वही-पेन घेऊन बसा.

पहिलं दार एन-लिस्ट. गुजरातेत गांधीनगरला ‘इन्फ्लिबनेट’ नावाचं केंद्र आहे. देशभरातल्या विद्यापीठांची ग्रंथालयं जोडायचं काम ते करतं. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांना वर्षाची ठरावीक वर्गणी भरून एन-लिस्टमध्ये नाव घालता येतं. त्यात हजारो नियतकालिकं आणि लाखाच्या वर पुस्तकं आहेत. कॉलेजचे ग्रंथपाल विद्यार्थ्याचं नाव आणि ईमेल नोंदवतात, मग त्याला लॉगिन आणि पासवर्ड मिळतो. तो घरूनही चालतो. याच्या जोडीला १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना सुरू झाली आहे. सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात घेतली आहेत. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले. हा पैसा कराचा आहे. म्हणजे आपण साबणाची वडी घेतो तेव्हा जो कर भरतो, त्यातलाही आहे. आपल्या मुलीचं कॉलेज यातल्या कशात बसतं, हे ग्रंथपालांना विचारायचं. विचारायला पैसे पडत नाहीत.

दुसरं दार शोधगंगा. हेही इन्फ्लिबनेटचंच. पीएच.डी. करणारे जे मोठे प्रबंध लिहितात, ते इथं ठेवलेले असतात. पूर्वी असा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात पडून राहायचा. २००९ साली नियम झाला की प्रबंधाची संगणकावरची प्रतही द्यायची. आता देशभरातले लाखो प्रबंध तिथं आहेत आणि वाचायला लॉगिनही लागत नाही. आपल्या जिल्ह्यातली बरीच कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याही विद्यापीठाचे प्रबंध तिथं सापडतात. मराठी विषयाचे प्रबंध मराठीतूनच लिहिलेले असतात. आमच्या मुलीनं लोकसाहित्यावरचे प्रबंध उघडले, तेव्हा पहिल्यांदा तिच्या तोंडून निघालं, “मला हे समजतंय.”

तिसरं दार मराठी विश्वकोश. हा आपल्या सगळ्यांसाठी. १९६० साली महाराष्ट्र सरकारनं त्यासाठी मंडळ नेमलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. साताऱ्याजवळ वाईला बसून शेकडो जाणकारांच्या हातून हे काम झालं. विश्वकोशाचे २० खंड आहेत, आणि ते आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ओवी, लोकसाहित्य, कांदा, क्षयरोग, काहीही शोधा. नोंद मराठीत, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव. एवढं लक्षात ठेवा, की काही नोंदी जुन्या आहेत. आजचे आकडे हवे असतील तर दुसरीकडंही पाहावं लागतं.

चौथं दार नॅशनल डिजिटल लायब्ररी. खरगपूरच्या आयआयटीनं ती उभी केली आणि २०१८ मध्ये देशाला खुली झाली. शाळेच्या मुलांपासून स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना चालते, नोंदणी फुकट आहे. ती देशभरातल्या ग्रंथालयांच्या यादीसारखी आहे. काही पुस्तकं तिथल्या तिथं उघडतात, काही उघडत नाहीत. उघडलं नाही म्हणून आपलं चुकलं असं समजायचं नाही, दुसरं पाहायचं. आणि शाळेची पाठ्यपुस्तकं हवी असतील तर ती बालभारतीच्या साइटवरून तशीच उतरवून घेता येतात.

आता कुणी विचारेल, मोबाइलवर नुसतं शोधलं तरी ढिगानं माहिती येते, मग ही दारं कशाला? आमच्या अध्यक्षांनी हे फार सोपं करून सांगितलं. आपल्या गटाचं रजिस्टर असतं ना, त्यात प्रत्येक नोंदीपुढं नाव, तारीख, रक्कम आणि सही असते. उद्या कुणी म्हणालं, मी हप्ता भरला होता, तर पान उघडून दाखवता येतं. या ग्रंथालयांचं तसंच आहे. कुणी लिहिलं, कोणत्या साली, कुठं बसून, हे प्रत्येक नोंदीपुढं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ते सही नसलेल्या चिठ्ठीसारखं. खरं असेलही, पण भांडण झालं तर दाखवणार काय? आमच्या मुलीला सरांनी नेमकं हेच विचारलं होतं.

आता पाचवं दार. ते आम्हाला सगळ्यांत जास्त भावलं.

शोधताना मुलीला जात्यावरच्या ओव्यांचाच मोठा संग्रह सापडला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ या दोघांनी १९८० च्या दशकात खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. ओवी कुणाची, गाव कोणतं, विषय कोणता, याच्यासकट त्या संगणकात नोंदवल्या गेल्या. पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या आता मराठीत वाचता येतात, काही ओव्या तर गाणाऱ्या बायकांच्या आवाजात ऐकताही येतात.

मुलीनं बैठकीत मोबाइल मध्ये ठेवला आणि एक ओवी लावली. आमच्या गटात पंचाहत्तरीच्या एक आजी आहेत. अंगठा उठवतात, शाळेत कधी गेल्या नाहीत. त्या आधी नुसत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “ही आमच्याकडं वेगळी म्हणतात.” आणि म्हणायला लागल्या. एक झाली, दुसरी झाली. लेकीची, भावाची, विठ्ठलाची, सवतीची. आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी बसतोय, आम्हाला माहीत नव्हतं त्यांच्या पोटात एवढं आहे ते. मुलगी भराभरा लिहून घेत होती. आजी म्हणाल्या, “अगं, हे काय लिहायचं असतं व्हय?” तर आजी, हो. विद्यापीठातले लोक ज्याला अभ्यास म्हणतात, तो तुमच्यासारख्या बायकांच्या तोंडूनच उभा राहिलाय.

आणखी एक दार खास आपल्या शेतकरी बायकांचं. त्याचं नाव कृषिकोश. देशातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध आणि अहवाल तिथं ठेवलेले आहेत, आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचेही. हे विद्यापीठ कित्येक वर्षांपासून आपल्या शेजारी आहे, पण त्याच्या कुंपणाआत काय लिहिलं जातं ते आपल्याला कधी दिसलं नव्हतं. आम्ही संगमनेरी शेळी शोधली. प्रबंध बहुतेक इंग्रजीत आहेत. म्हणून मुलीला सगळं वाचायला न लावता आम्ही फक्त सारांश वाचून घेतला, अडलं तिथं मोबाइलच्या भाषांतराची मदत घेतली. भाषांतर कधीकधी गमतीदार होतं, पण मतलब कळतो.

इथं एक सावधगिरी. प्रबंध वाचून लगेच औषधाचा किंवा खताचा डोस बदलायचा नाही. तो अभ्यास कोणत्या जमिनीत झाला, किती जनावरांवर झाला, कोणत्या साली झाला, हे पाहायचं. मग कागद घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जायचं. आपल्या जिल्ह्यात बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथं ती आहेत. फरक एवढाच पडतो की आता आपण रिकाम्या हातानं जात नाही, प्रश्न घेऊन जातो. माणसाच्या आजाराचंही तसंच. वाचा जरूर, पण औषध डॉक्टरांना विचारूनच.

आणखी तीन गोष्टी आम्ही चुकत चुकत शिकलो. एक, शोधताना एकच शब्द धरून बसायचं नाही. ‘जात्यावरच्या ओव्या’नं मिळालं नाही तर ‘स्त्रीगीते’, ‘लोकगीते’ टाकून पाहायचं. दोन, मोठी फाइल घरच्या डेटावर उतरवायची नाही, कॉलेजच्या वायफायवर उतरवून आणायची. तीन, शोधगंगा, विश्वकोश, कृषिकोश वाचायला पैसे लागत नाहीत. त्यांच्या नावानं कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर मोबाइल सरळ बंद करायचा.

आता मुलीचं काय झालं ते सांगतो. तिनं प्रकल्प नव्यानं लिहिला, स्वतःच्या हातानं. कुठलं काय घेतलं ते प्रत्येक पानाखाली लिहिलं. शेवटी आजींच्या ओव्या जोडल्या, आजींना विचारून, त्यांचं आणि गावाचं नाव घालून. सरांनी दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या आणि ठेवून घेतला. ती परीक्षेला बसली. स्थळांचं बोलणं घरात बंद झालेलं नाही. पण तिचे वडील म्हणाले, एम.ए. पुरं होऊ दे, मग बघू. आम्हाला सध्या एवढंही पुष्कळ वाटतं.

गटानं दोन हजारांचं कर्ज दिलंच नाही, कारण ते लागलंच नाही. एसटीचं भाडं आणि झेरॉक्स मिळून दोनशेच्या आत भागलं.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटात कॉलेजात जाणाऱ्या मुली-सुना किती आहेत ते मोजा. त्यांच्यातल्या किती जणींकडं ग्रंथालयाचं लॉगिन आहे ते विचारा. नसेल तर दोघी-तिघींनी मिळून ग्रंथपालांकडं जा. लाजू नका, आम्हीही लाजलो होतो. आणि तुमच्यातल्या म्हाताऱ्या आजींना एकदा ओवी म्हणायला सांगा. त्यांची परवानगी घ्या, वहीत उतरवून घ्या, नाव आणि तारीख घालायला विसरू नका.

आमची वही सुरू झाली आहे. आजींच्या सत्तेचाळीस ओव्या झाल्या, अजून त्या थांबलेल्या नाहीत.

येतो आम्ही. राम राम.