ओमे येथील उमेची टेकडी

हिंवाळा पुरता सरला नसतां फुलणारें झाड म्हणून जपानांत उमेची ख्याति आहे. प्लम या नांवानें तें पुष्कळांना परिचित असलें, तरी वस्तुतः तें जर्दाळूचें जवळचें सोयरें होय. चीनमधून आलेलें हें झाड जपानांत इतकें रुजलें, कीं 'मान्योशू' या आठव्या शतकांतील काव्यसंग्रहांत त्याच्यावर शंभरांहून अधिक कविता आहेत. चेरीवरील कविता त्या मानानें पुष्कळच थोड्या आहेत.

टोकियोच्या पश्चिमेस, तामा नदीच्या खोऱ्यांत, ओमे हें गांव वसलें आहे. 'हिरवें उमे' असाच त्याच्या नांवांतील अक्षरांचा अर्थ. हिनातावादा स्थानकावर उतरलेला प्रवासी नदीवरील पूल ओलांडून थोड्याच वेळांत योशिनो येथील टेकडीपाशीं पोंचतो. १९७२ सालीं तिच्या उतारावर उमेचें उद्यान खुलें झालें. फेब्रुवारी-मार्चांत, पालवी फुटण्यापूर्वींच, येथें पांढरीं, गुलाबी व लाल फुलें उमलतात. चेरी मुख्यतः डोळ्यांना सुखविते. उमे सुगंधानेंही मन वेधून घेतें. जूनमध्यें त्याचीं फळें उतरवून मिठांत मुरवितात व उन्हांत वाळवितात. हीच जपानी घरोघरची 'उमेबोशी'.

या वैभवावर २००९ सालीं संकट ओढवलें. ओमे येथील झाडांत प्लम पॉक्स नांवाचा विषाणु आढळला. जपानांतील त्याची ती पहिलीच नोंद. फळ खाणाऱ्या माणसाला त्यापासून अपाय नाहीं. परंतु पीच, आलुबुखार, जर्दाळू यांच्या बागांना तो घातक आहे. मावा नांवाचे किडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, आणि रोगट कलमांबरोबर तो दूरदूर जातो. एकदां लागण झालेल्या झाडाला औषध नाहीं. शिवाय कित्येक झाडांवर रोगाचें चिन्ह उमटत नाहीं. म्हणून केवळ रोगट दिसणारीं तेवढीं तोडून भागेना. अखेर २०१४ च्या मे महिन्यांत, त्या वर्षींचा बहर ओसरल्यावर, उद्यानांतील उरलींसुरलीं सर्व झाडें तोडण्यांत आलीं. त्यांची संख्या हजाराहून अधिक होती.

ज्या गांवाचें नांव, पाहुण्यांची वर्दळ आणि लोणच्याचा व्यवसाय एकाच झाडाशीं निगडित, त्यानें तें झाड आपल्या हातांनीं तोडावें, हा प्रसंग कठीणच. परंतु तें न करतें, तर इतर प्रांतांतील बागाईतदारांना त्याची किंमत मोजावी लागली असती. त्यानंतर परिसराची वारंवार पाहणी झाली आणि २०१६ सालीं पुन्हां लागवडीस मोकळीक मिळाली.

आतां त्या उतारावर नवीं झाडें फुलतात. जुन्या झाडांचा घेर त्यांना यावयास अनेक वर्षें लागतील. तेथें जाणाऱ्यानें मार्चच्या आरंभीं जावें, सुगंध मनसोक्त घ्यावा. मात्र आठवण म्हणून फांदी किंवा रोप सामानांत बांधून आणूं नये. एका कलमाबरोबर काय येऊं शकतें, हें त्या टेकडीनें पुरतें अनुभवलें आहे.