मामूंचा टोमॅटो आणि मुळांजवळचे जिवाणू

मी सॉफ्टवेअरवाला. मातीवर बोलायला उभा आहे याचं कारण एवढंच की दोन वर्षांपूर्वी माझ्या सल्ल्याने मामूंचे पैसे वाया गेले, आणि त्यानंतर मी हा विषय नीट वाचला. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी भाजीचा धंदा आहे? बघा, बागवानांची मुलं बरीच आहेत. गाळ्यावर बसणारे जास्त, पिकवणारे कमी.

झालं असं. जुन्नर तालुक्यात मामूंचा एक एकर टोमॅटो. फुलोऱ्यातली हिरवीगार झाडं दुपारी माना टाकायची आणि चार-सहा दिवसांत उभीच्या उभी वाळायची. मी एक व्हिडिओ बघितला, स्यूडोमोनास फ्लुरोसन्सची पावडर ऑनलाइन मागवली आणि पाठवून दिली. मामूंनी ती कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि स्ट्रेप्टोमायसिनच्याच टाकीत मिसळून आळवणी केली. जिवाणू सोडायचे, आणि त्याच पाण्यात जिवाणू मारायचं औषध! चूक मामूंची नाही. मी सांगितलंच नव्हतं.

शिवाय तोवर उशीर झाला होता. ती राल्स्टोनिया नावाच्या जिवाणूची मर होती. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही: बुंध्याजवळचं खोड कापायचं आणि तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरायचा. काही मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरला तर जिवाणूची मर. बुरशीच्या मरीत असा धागा येत नाही. माझ्या कामात आम्ही आधी लॉग वाचतो, मग कोडला हात लावतो. इथे मी उलटं केलं. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत हा रोग शिरला की कुठलीच पावडर त्याला बाहेर काढत नाही.

मग चांगले जिवाणू करतात काय? मुळं सतत साखर आणि आम्लं झिरपवतात, त्यावर जिवाणू जगतात. मुळांभोवतीच्या या पट्ट्याला लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ साली ‘रायझोस्फिअर’ म्हटलं. तिथे आधी बसेल त्याची जागा. मंडईत पहाटे जागा कशी धरतात ते तुम्हाला मी काय सांगू! स्यूडोमोनास आणखी एक करतो. मातीतलं लोह पकडणारी सायडरोफोर नावाची द्रव्यं सोडतो आणि रोगजंतूंना लोहाला मोताद करतो. क्लोपर आणि सहकाऱ्यांनी १९८० साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं. काही जाती प्रतिजैविकं बनवतात. काहींच्या नुसत्या मुळांवर असण्याने पानांपर्यंतचं झाड सावध होतं, रोग आला की लवकर प्रतिकार करतं.

म्हणजे ही पावडर औषध नाही, आधी बसवायचा पहारा आहे. एक किलो बियाण्याला १० ग्रॅम चोळा, रोपवाटिकेपासून सुरुवात करा. लावणीच्या वेळी हेक्टरी अडीच किलो पावडर ५० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलसर मातीत द्या. तांबं किंवा प्रतिजैविक त्याच टाकीत नको. पाकिटावरची तारीख बघाच. स्यूडोमोनास बीजाणू बनवत नाही, त्यामुळे उन्हात तापलेल्या पाकिटात तो मेलेला असू शकतो. बॅसिलस सबटिलिस बीजाणू बनवतो, म्हणून जास्त टिकतो. (दुकानदार ट्रायकोडर्मालाही ‘जिवाणू’ म्हणून विकतात. ती बुरशी आहे. उपयोगी आहे, पण बुरशी.)

आणि राल्स्टोनिया मातीत बरीच वर्षं राहतो. तिथे पिकाची फेरपालट हवी. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा पाठोपाठ नको, मध्ये मका किंवा ज्वारी घ्या. प्रतिकारक वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम करतात, तोही चांगला मार्ग. पावडरीवर सगळा भार टाकणारा विक्रेता भेटला तर मी त्याच्याकडून घेणार नाही.

मामूंनी त्या तुकड्यात मका घेतला. टोमॅटो यंदा दुसऱ्या वावरात आहे. बियाण्यापासून पावडर दिली. गादीवाफ्यावर रोपं कोलमडण्याचं प्रमाण या वेळी कमी वाटलं, पण तुलनेला काही ठेवलं नव्हतं, त्यामुळे त्याचं श्रेय मी पावडरीला देत नाही. लावणीत मात्र चार सरी मुद्दाम बिनपावडरीच्या सोडल्या आहेत. मामू म्हणाले, “तुझ्या हट्टापायी चार सरी गेल्या तर तूच भरून देशील.” मी हो म्हटलंय. दर रविवारी ते दोन्हीकडची वाळलेली झाडं मोजून मला आकडा पाठवतात.