खिमा करायचा कुणी?

(पौड, ता. मुळशी येथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाहेरचं खाणं चांगलं की घरचं, यावर मला बोलायला सांगितलंय. आपल्या तालुक्यात हिंजवडीला कंपन्या आल्या, मागोमाग बर्गरची दुकानं आली. तिकडे कामाला जाणाऱ्या बायकांची पोरं आता बर्गरचा हट्ट धरतात. मग कुणीतरी शहाणपणा शिकवतं, "बाहेरचं कशाला? मांस आणा, घरीच खिमा करा. ताजं, स्वच्छ, स्वस्त." सल्ला खोटा नाही. पण तो देणाऱ्याला आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न, आत काय आहे? मांसाचा अख्खा तुकडा असतो तेव्हा रोगजंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात. खिमा केला की ते सगळीकडे मिसळतात. कारखान्यात तर अनेक जनावरांचं मांस एकत्र दळलं जातं. १९९३ साली अमेरिकेत 'जॅक इन द बॉक्स' या दुकानांच्या साखळीतले नीट न शिजलेले बर्गर खाऊन सातशेहून जास्त माणसं आजारी पडली, चार मुलं दगावली. घरी एकाच तुकड्याचा खिमा करतो, तेव्हा काय दळतोय ते आपल्याला माहीत असतं. पण जंतू घरच्या खिम्यातही मिसळतातच. म्हणून मांस थंड ठेवा, शिजवण्याच्या अगदी आधी खिमा करा, हात, पाट, सुरी धुवा. आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस उष्णता पोचली पाहिजे, नुसत्या रंगावर जाऊ नका. आपण रस्सा रटरटा उकळतो ही सवय चांगलीच आहे.

दुसरा प्रश्न, खिमा करायचा कुणी? हा प्रश्न मुळशीत विचारायलाच हवा. याच डोंगरातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. पुढे महाराष्ट्रभरातून असा एक लाखाच्या आसपास ओव्यांचा संग्रह झाला. त्या ओव्यांत माहेर आहे, देव आहे, सासुरवासही आहे. त्या बाईने पहाटे उठून, खांदे भरून येईस्तोवर दळताना म्हटलेल्या आहेत. पिठाची गिरणी आली आणि ओवी मागे पडली. ओवी जपायलाच हवी. पण म्हणून जातं परत आणा असं मी म्हणणार नाही. गिरणीने बाईला पहाटेची झोप दिली.

म्हणून 'घरचं ते चांगलं' म्हणणाऱ्याला विचारा, घरचं म्हणजे कुणाच्या हातचं? दिवसभर दुसऱ्याच्या घरची भांडी घासून आलेल्या बाईने रात्री पाट्यावर मांस वाटायचं, आणि बाकीच्यांनी 'घरची चव' म्हणून मिटक्या मारायच्या? खिम्याच्या यंत्राचा दांडा फिरवायला बाईचाच हात लागतो असं कुठे लिहिलंय? त्याच कामाला बाहेर पैसे मिळतात. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका पिढ्यानपिढ्या कामगारांना जेवू घालत होत्या, तरी त्यांना कुणी कामगार म्हणत नव्हतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं, तेव्हा त्या सावकाराच्या दारातून बँकेच्या दारात गेल्या. स्वयंपाक हे काम आहे, हे त्यांनी सिद्ध केलं.

तिसरा प्रश्न, कुणाच्या ताटात काय असावं हे ठरवतं कोण? १९९६ मध्ये मॅकडोनल्ड भारतात आलं. जगभर गाईबैलाच्या मांसाचा बर्गर विकणारी ही कंपनी इथे तो बर्गर न विकता, बटाट्याची टिक्की घेऊन उभी राहिली. कंपनीने नफा बघून खाणं बदललं. आमच्या वस्तीतल्या बाईचं खाणं मात्र तिला न विचारता बदललं. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती. बैल आणि वळू यांनाही ती लावणारी १९९५ ची दुरुस्ती २०१५ मध्ये अमलात आली. असं मांस नुसतं जवळ असलं तरी एक वर्षापर्यंत कैद, अशी तरतूद झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं मांस बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हैस-रेड्याला ही बंदी नाही. तरी मोठ्याचं शिजवताना बाई खिडकी लावून घेते. फोडणीचा वास शेजारी गेला तर घर मिळणार नाही, काम सुटेल, ही भीती तिच्या पाठीला चिकटलेली असते.

हे आमचं जुनं अन्न आहे. दोरीवर वाळवलेल्या चान्या आमच्या आयांनी पावसाळ्यात पुरवून पुरवून शिजवल्या. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या अशा खाण्यावर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिलं, तोवर मराठी पाककृतींच्या पुस्तकांत आमची चूल जवळजवळ नव्हतीच.

आणि घरात तरी काय होतं? मांसातलं लोह अंगी लवकर लागतं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. तरी फोडी जातात पुरुषांच्या ताटात, आणि शेवटी बसणाऱ्या बाईला उरतो रस्सा. कायद्याने एक दार बंद केलं, दुसरं आपल्याच घरात बंद आहे.

तर बर्गर हवा की घरचा खिमा, याचं माझं उत्तर असं. पोराने कधी बर्गर खाल्ला तर आईला अपराधी ठरवू नका. घरी करायचं तर दांडा मुलगा आणि नवरा यांनीही फिरवायचा. चार घरांत मिळून एक यंत्र घ्या, बचत गटाला ते जड नाही. आणि खिमा शिजला की सगळ्यांनी एका पंगतीत बसायचं, बाईच्या ताटातही तेवढाच वाढायचा. आपण काय खातो हे महिला मंडळाच्या बैठकीत मान खाली न घालता बोलायचं. ही सुरुवात पुढच्या बैठकीपासूनच करू या.