मोजणारा कोण, त्यावर भाव ठरतो
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत आज झाडे-पाखरे मोजण्याची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. भाव सोडून हे काय काढले? जरा धीर धरा. ही गोष्टही भावाचीच आहे.

आपण कोरडवाहू माणसे. आपले नशीब जेवढे पावसावर, तेवढेच मोजणाऱ्याच्या कागदावर. एकाधिकार खरेदीच्या दिवसांतला ग्रेडर आठवा. गाडीतल्या कापसात हात घालून त्याने एक शब्द लिहिला, की वर्षाच्या घामाची किंमत ठरली. पैसेवारीचेही तेच. पीक डोळ्यांदेखत वाळायचे, पण कागदावर आकडा पन्नासच्या वर गेला की दुष्काळ नसायचा. पीक कापणी प्रयोग कोणाच्या वावरात झाला, त्या वेळी बांधावर गावचे कोण उभे होते, यावर विम्याचे पैसे. मोजतो तो ठरवतो. हे आपण पुरते भोगले आहे.

आता रानही मोजले जाते. झाडे, गवत, पाखरे, वाघ, सगळ्यांची पाहणी होते. त्या कामाला हंगामी माणसे लागतात. हे काम कोण करतो, त्याला काय मिळते आणि कागद कोणाच्या हाती राहतो, ते पाहायला आम्ही काही जण डहाणू तालुक्यातल्या कैनाडला जाऊन आलो.

तो मुलूख आपल्यासारखा नाही. पाऊस भरपूर. वस्ती वारली समाजाची. खाचरात भात, उतारावर नागली आणि वरई. किनाऱ्याकडे चिकूच्या बागा. पण भात झोडून झाला की पुढे काय, हा प्रश्न तिथेही आपल्यासारखाच. आपल्याकडची माणसे कोयता घेऊन उसाला जातात, तिकडची वीटभट्टीवर आणि बागांत मजुरीला जातात.

डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यासाठी प्राधिकरण नेमले गेले आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. पुढे त्याच जिल्ह्यात बुलेट ट्रेन आली, वाढवण बंदर आले. असा मोठा प्रकल्प आला की आधी रानाची पाहणी होते, अहवाल होतो, जनसुनावणी होते. अहवालात जे नाही, ते सुनावणीत सिद्ध करायला गरिबाला जड जाते.

कैनाडमध्ये आम्हाला साठीच्या घरातले एक बाबा भेटले. वनस्पतींच्या पाहणीवर ते दोन हंगाम गेलेले. पाहणी कोणाची, ते नाव इथे घेत नाही. काम कसे, ते ऐका. सकाळी रानात शिरायचे. फुलावर आलेली फांदी तोडायची, रद्दी कागदात पसरायची, लाकडी चौकटीत दाबून बांधायची. ओल राहिली तर बुरशी येते, म्हणून कागद रोज बदलायचा. प्रत्येक नमुन्यासोबत चिठ्ठी जाते. तिच्यावर तारीख, ठिकाण, झाडाचे स्थानिक नाव, उपयोग आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहितात. वाट दाखवली बाबांनी, झाडाचे नाव सांगितले बाबांनी, पाला कशाला लावतात तेही त्यांनीच. चिठ्ठीवर नाव मात्र दुसऱ्याचे. हजेरीपटावर बाबा ओझे वाहणारा मजूर. पावसाने काम बंद पडले, त्या दिवसाची हजेरी नाही. लिहून दिलेला कागदही नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ती ही गोष्ट.

भांडण त्या पाहणीवरच्या पोरांशी नाही, हे नीट समजून घ्या. तीही बहुतेक मुदतीवरची, सहा-आठ महिन्यांची. त्यांत आपल्याच शेतकऱ्यांची बी.एस्सी. झालेली मुले असतात. प्रकल्प संपला की तीही घरी. भांडण आहे ते जाणकाराला हमाल म्हणून लिहिण्याच्या रीतीशी.

बाबांनी दुसरी एक गोष्ट सांगितली, ती फार मोलाची. एक पाहणी ऐन उन्हाळ्यात आली. टेकडी उघडी बोडकी, गवत वाळलेले. बाबा म्हणाले, "आता काय दिसणार? पहिल्या पावसाला या." पहिल्या सरींच्या सुमारास तिथे शेवळे वर येतात. घशाला खाजरी भाजी, म्हणून काकडाची आंबट फळे घालून शिजवतात. मग कोरळ, करटोली आणि टाकळा, नंतर करांदे. चुलीला महिनोन्‌महिने पुरवणारे हे रान. पण कंद जमिनीत झोपलेला असताना मोजायला गेले, तर कागदावर 'पडीक' एवढाच शब्द उमटतो.

हा एकट्या माणसाचा आळस नाही. २००६ च्या अधिसूचनेखाली प्रकल्पांच्या अभ्यासाला बहुधा एका हंगामाची, आणि तीही पावसाळा सोडून, माहिती मागितली जाते. भावांनो, पावसाळा सोडून शेत मोजले तर तुमच्या-आमच्या वावरात काय सापडेल? धसकटे! पाथरी, घोळ, तरोटा, कटुले, आपल्या घरच्या बायका निंदताना ओटीत घेऊन येतात त्या भाज्या, त्यांतली किती नावे कागदावर चढतील?

चुकीच्या नोंदीने काय होते, याचे उदाहरण आपल्या कापसाच्या खानदेशातच आहे. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने १९११ साली देशभरच्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. तिचा पहिला अहवाल खानदेशचा. पाहणी आपल्याकडे नवी नाही. त्याच खानदेशच्या रानात वन पिंगळा नावाचे लहान घुबड असते. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कोणाला मिळाला नव्हता. मधे माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने जुना, दुसऱ्याने गोळा केलेला नमुना लपवून आपला म्हणून दाखवला आणि त्यावर गुजरातेतल्या मांडवीची, १९१४ सालची चिठ्ठी लावली. त्या खोट्या चिठ्ठीमागे लोक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. लबाडी उघडी पडली, तेव्हा जुन्या खऱ्या नोंदी धरून पामेला रासमुसेन आणि त्यांचे सोबती शहाद्याजवळच्या रानात आले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! एक चिठ्ठी खोटी, म्हणून जगाच्या लेखी जिवंत पाखरू जवळजवळ मेलेले.

आता आपल्या कामाचे. असे हंगामी काम आपल्या भागात कधी निघते? वनस्पतींची पाहणी पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत. माळावरच्या पाखरांची थंडीत. वाघांची मोजदाद २००६ पासून दर ४ वर्षांनी होते. तिच्यात ठरलेल्या वाटेने चालून पाऊलखुणा आणि विष्ठा नोंदवायच्या, झाडाला कॅमेरे बांधायचे. वैशाखी पौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर बसतात, तो हौसेचा भाग. त्यात मजुरी धरू नका. आणि भ्रमातही राहू नका. यावर संसार चालत नाही. वनस्पतींचा हंगाम आपल्या निंदण-डवरणीत येतो, वाघांची मोजदाद वेचणीत अडकू शकते. म्हणून घरचे काम बुडवून जायचे तर दर त्या बुडीच्या वरचा हवा.

आमचे म्हणणे पाच गोष्टींत सांगतो. पहिली, कामाआधी कागद: दिवस किती, दर काय, पावसाच्या खाड्याचे काय, साप चावला किंवा जनावराने धरले तर खर्च कोणाचा. दुसरी, वाट आणि नाव सांगणाऱ्याला हमालाचा नव्हे, जाणकाराचा दर. तिसरी, त्याची इच्छा असेल तर चिठ्ठीवर आणि अहवालात त्याचे नाव. चौथी, अहवालाची मराठी प्रत ग्रामसभेला. पाचवी, औषधाची माहिती गावाला विचारल्याशिवाय द्यायची नाही.

ही भीक नव्हे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती सांगितली आहे आणि तिचे मुख्य काम लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही करणे हे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात जंगलावर जगणाऱ्या गावांचा पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्कही लिहिला आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने आपल्या रानाचा अभ्यास स्वतः केला, २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू आपण विकला.

नोंदवह्या पूर्ण करायला हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती. सरकारी मुदत आली की कागद कसे भरतात, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. म्हणून घरी गेल्यावर पहिले काम हे करा. ग्रामपंचायतीत जाऊन तुमच्या गावाची नोंदवही मागा. ती उघडा आणि घरातल्या म्हातारीला वाचून दाखवा. तिला ठाऊक असलेली किती झाडे आणि भाज्या त्यात नाहीत, ते ती बसल्या जागी सांगेल. ती नावे, महिना आणि जागा वहीत लिहून ग्रामसभेत ठराव करून घ्या. त्या म्हातारीचे नावही लिहा.

डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी १९४५ साली, गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेबरोबर, वेठ नाकारली आणि गवत कापण्याचा रास्त दर मागितला. गवत फुकट कापायचे नाही, हे त्यांनी तेव्हा ठरवले. गवताचे नाव फुकट सांगायचे नाही, हे ठरवण्याची पाळी आता आपल्या सगळ्यांची आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली वही सोबत आणावी. किती नावे वाढली, ते तिथे मोजू. आणि या वेळी मोजणारे आपण असू.