फवारणीनंतर तोडा केव्हा करावा?
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



भेंडी दर दोन-तीन दिवसांनी तोडावी लागते. नाही तर ती जून होते व भाव मिळत नाही. त्यातच अळी दिसली की फवारणीही करावी लागते. मग काल फवारलेली भेंडी आज तोडावी का? हा प्रश्न खाणाऱ्यांच्या, म्हणजे आपल्याही लेकरांच्या, आरोग्याचा आहे.

फवारलेले औषध झाडावर कायम टिकत नाही. ऊन, वारा व पाऊस यांमुळे पानाफळांवरील औषध कमी होते. आत शिरलेल्या औषधाचे झाडातील विकरांमुळे हळूहळू विघटन होते. फळ वाढते तसे औषधाचे प्रमाण विरळ होते. थंड व ढगाळ हवेत विघटन मंदावते.

औषध निम्मे होण्यास लागणाऱ्या काळास अर्धायुष्य म्हणतात. समजा, एक किलो भेंडीत ८ मिलिग्रॅम औषध आहे व त्याचे अर्धायुष्य ३ दिवस आहे. तर ३ दिवसांनी ४, ६ दिवसांनी २ व ९ दिवसांनी १ मिलिग्रॅम उरेल. मात्रा दुप्पट केल्यास तेथवर येण्यास आणखी ३ दिवस लागतील.

वरवरचे औषध धुतल्याने काही प्रमाणात निघते. आंतरप्रवाही औषध मात्र निघत नाही. काही औषधांचे रूपांतर अधिक विषारी पदार्थात होते. उदा. डायमेथोएटपासून ओमेथोएट तयार होते. म्हणून वास गेला म्हणजे विष गेले, असे समजू नये. डब्यावरील त्रिकोणाचा रंग विषारीपणा दाखवितो, औषध किती दिवस टिकते ते नव्हे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडली, हे बागायतदार विसरलेले नाहीत.

तेव्हा पुढील गोष्टी कटाक्षाने पाळा :

१) आधी तोडा करा, मग फवारणी करा.
२) लेबलवर त्या पिकासाठी दिलेली मात्रा व प्रतीक्षा कालावधी पाळा.
३) या काळात तयार झालेली फळे तोडून नष्ट करा, बाजारात वा घरी नेऊ नका.
४) तोडे सुरू असताना किडकी फळे वेचणे, कामगंध सापळे व ५ टक्के निंबोळी अर्क यांवर भर द्या.
५) फवारणीची तारीख व औषधाचे नाव वहीत लिहा.

एक-दोन तोडे वाया गेल्याचे नुकसान भरून काढता येते. गिऱ्हाइकाचा गेलेला विश्वास परत मिळविणे कठीण असते.