दिसायला गवत, नात्यानं कुमुदिनी



कमळ आणि कुमुदिनी. दोघीही पाण्यात वाढतात, दोघींची पानं गोल. त्यामुळे वनस्पतिशास्त्रज्ञांनीही पुष्कळ वर्षं त्यांना एकाच कुळात बसवलं होतं. पुढे डीएनएच्या तपासणीत कळलं, की कमळाचं जवळचं नातं आहे काश्मीरच्या चिनार वृक्षाशी! कुमुदिनीचं घराणं वेगळं आणि फार प्राचीन. फुलझाडांच्या वंशवृक्षाला अगदी बुंध्याजवळ फुटलेली ती फांदी.

मग कुमुदिनीचं सख्खं कोण? उत्तर वाचून मीही चकित झालो होतो. जेमतेम काही सेंटिमीटर उंचीचा, गवतासारख्या पात्यांचा एक झुबका. नाव ट्रिथुरिया, कुळ हायडॅटेलेसी. फुलाला पाकळ्यासुद्धा नाहीत. साहजिकच त्याची गणना गवताच्या भाऊबंदांत होत असे. २००७ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या संशोधनानं त्याला तिथून उठवलं आणि कुमुदिनीच्या शेजारी बसवलं.

एकदा नातं कळल्यावर चेहरेपट्टीही जुळू लागली. गव्हाच्या दाण्यातलं पीठ फलनानंतर तयार होणाऱ्या भागात साठतं. कुमुदिनी आणि ट्रिथुरिया यांच्या बियांत मात्र ते मुख्यतः मातृवनस्पतीच्याच पेशींत साठतं. म्हणजे खूण बीमध्ये होती, आपण पाहत होतो पात्यांकडे.

या कुळात साधारण डझनभर जाती. एक सोडून बाकी सगळ्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये. ती एक आपल्या कोकणात! डॉ. श्रीरंग यादव आणि डॉ. एम. के. जनार्थनम यांनी १९९०च्या दशकात तिची नोंद केली आणि तिला कोकणचंच नाव दिलं, 'ट्रिथुरिया कोकणेन्सिस'. पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या सड्यावर उथळ पाणी साचतं, त्यात ती उगवते. डबकं आटायच्या आत बी धरते आणि संपते.

उन्हाळ्यात तोच सडा उजाड दिसतो. पडीक जमीन म्हणून आपण तिथे चिऱ्याची खाण काढतो. चिरा घराला हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण सडा एकदा खणला, की ते वीतभर खोलीचं डबकं पुन्हा भरत नाही, आणि त्या मातीत पुढच्या पावसाची वाट पाहणारं बीही जातं. म्हणून सड्याची किंमत ठरवायची, तर ती मे महिन्यात नव्हे, श्रावणात जाऊन ठरवावी. आणि तिथे पाय जरा जपून टाकावा.